कुणाच्या वाट्याला किती व्हायोलिनं

कुणाच्या सुखदुःखाला किती वाद्यं द्यायची, याचा हिशेब आपल्याकडे फार जुना आहे. राजाच्या दारी नगारखाना, देवाच्या दारी चौघडा, लग्नाला ऐपतीप्रमाणे सनई किंवा बँड, आणि गरिबाघरच्या मयताला गावातली चार टाळकरी माणसं. चित्रपटांनी हा हिशेब जवळजवळ तसाच पुढे चालवला. तलवारी उपसल्या की तुताऱ्या आणि सगळा तारवाद्यांचा ताफा. बंगल्यातल्या नायिकेला पियानो. खेड्यातलं पोरगं प्रेमात पडलं की एक बासरी, एक ढोलकी, फार तर मागे चार पोरींचा कोरस. खेड्यातल्या माणसाचं मन तेवढ्यातच मावतं, असं उघड कुणी म्हणालं नाही. ऐकवलं मात्र वर्षानुवर्षं तेच.

म्हणून 'सैराट' मला डोळ्यांआधी कानांना महत्त्वाचा वाटतो. 29 एप्रिल 2016 ला नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट आला. करमाळा तालुक्यातली माती, मासेमाराचा मुलगा परश्या, पाटलाची मुलगी आर्ची. अजय आणि अतुल गोगावले या संगीतकार भावांनी या दोघांसाठी लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटीत, सोनी स्कोअरिंग स्टेजवर, पूर्ण सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवला. भारतीय चित्रपटाच्या गाण्यांसाठी तिथं असं ध्वनिमुद्रण होण्याची ती पहिलीच वेळ म्हणून त्याची तेव्हा खूप चर्चा झाली. ही खोली मूळची एमजीएमची. 1939 च्या 'द विझर्ड ऑफ ऑझ'चं संगीत याच भिंतींच्या आत वाजलेलं. मराठी माणूस हॉलिवूडला पोचला, असा त्या बातम्यांचा सूर होता आणि तो आनंद खराच होता. पण तिथे कोण पोचलं यापेक्षा, तिथले वादक कुणासाठी वाजले, हे मला जास्त मोलाचं वाटतं. 'याड लागलं' सुरू होतं तेव्हा तारवाद्यांची लाट उसळून येते, आणि ती कुठल्या राजपुत्रासाठी आलेली नसते. विहिरीत उड्या मारणाऱ्या, क्रिकेट खेळणाऱ्या, हातात धड पैसा नसलेल्या एका पोरासाठी आलेली असते. त्या पोराच्या छातीत जे चाललं आहे ते एवढं मोठं आहे, हे संगीतकार ठामपणे सांगतात.

एवढा ठामपणा त्यांच्यात कुठून आला असेल, याचा विचार मी पुष्कळ केला आहे, कारण ज्या मातीत त्यांचं लहानपण गेलं तिथेच माझंही गेलं. त्यांचे वडील महसूल खात्यात नोकरीला, त्यामुळे बदल्या, त्यामुळे जुन्नर, राजगुरुनगर, शिरूर अशी तालुक्याची गावं. घरात गाण्याची परंपरा नाही, संगीताचं रीतसर शिक्षण नाही, हे त्यांनी स्वतःच वेळोवेळी सांगितलं आहे. गुरूच्या घरी तंबोरा घेऊन बसला नाही, असा मुलगा मग शिकतो कुठे? गावाच्या कानाने शिकतो. आणि पुणे जिल्ह्याच्या या उत्तर अंगाला गावाचा कान तयार करणारी माणसं आणि जागा इतक्या दाटीने आहेत की, लक्ष असलेल्या पोराला दुसरी शाळा लागू नये.

जुन्नरला शिवनेरीच्या पायथ्याशी वस्ती, समोर लेण्याद्रीचा डोंगर, कुकडीच्या काठाने ओझर. म्हणजे अष्टविनायकांपैकी दोन याच तालुक्यात. माघात आणि भाद्रपदात इथे जो ताशा वाजतो तो कानाने नाही, बरगड्यांनी ऐकायचा असतो. आंबेगावला वरच्या अंगाला भीमाशंकरचं रान, महादेव कोळ्यांच्या वाड्या. खाली घोडेगाव, मंचर, आणि घोड नदीवरचं डिंभे धरण, ज्याच्या पाण्याखाली मूळचं आंबेगाव गेलं आणि तालुक्यापुरतं नाव तेवढं वर राहिलं. चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा. सकाळी मांडवडहाळे, दुपारी बैलगाड्यांच्या शर्यतींचा घाट, रात्री तमाशा. घाटात बारी सुटायच्या आधी हलगी एका अंगाने चढत जाते आणि गाडी निशाणाला भिडली की गर्दीच्या तोंडून जो आवाज निघतो, तो कुणीही शिकवलेला नसतो. तरी हजार गळे एका क्षणी एकाच स्वराच्या आसपास येतात.

नारायणगाव याच भागात. तमाशाची पंढरी म्हणतात त्याला. पाडव्याच्या सुमाराला फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, सुपाऱ्या ठरतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला, आणि विठाबाई इथल्या. 1957 मध्ये राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतलेली, आणि 2002 मध्ये गेली तेव्हा हाती फारसं काही न उरलेली ही बाई. तिच्या आवाजाला काय उंची होती, हे ऐकलेली माणसं अजून आहेत. ध्वनिवर्धक नीट नसलेल्या काळात, उघड्या माळावर, पाच-सात हजार माणसांच्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा तर काळी चारच्या खाली उतरून भागत नसे.

पण मला सांगायचं आहे ते तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसांबद्दल. तमाशात मुख्य गाणाऱ्याच्या मागे झीलकरी असतात. एकाच्या हातात तुणतुणं, एकाच्या हातात कडं नाहीतर झांज. ओळीचा शेवटचा शब्द गाणाऱ्याने सोडला की हे तो उचलतात आणि वरच्या सप्तकात लांबवतात. तेवढ्यात गाणारा श्वास घेतो, ढोलकीवाला बोल बदलतो, आणि प्रेक्षकाला कळतं की ही गोष्ट आता एका माणसाची राहिलेली नाही. पोस्टरवर त्यांचं नाव नसतं. गावाकडे कुणी त्यांना कलावंत म्हणून विचारत नाही. पण झील काढून घ्या, वगातला राजासुद्धा एकटा पडलेला वाटतो.

नारायणगावला एका राहुटीत असाच एक म्हातारा झीलकरी भेटला होता. मी त्याला विचारलं, "बाबा, एवढ्या वर्षांत तुम्हाला कधी पुढे येऊन गावंसं वाटलं नाही?" तो तुणतुण्याची तार पिळत म्हणाला, "मास्तर, पुढच्याला टाळ्या असत्यात. पर त्याचा सूर खाली पडला तर उचलायला कुणी पायजे का नको?" एवढं बोलून त्याने खुंटी परत पिळली.

सिंफनी ऑर्केस्ट्रातल्या दुसऱ्या रांगेतल्या व्हायोलिनवादकाचं कामही बरंचसं हेच आहे. पहिल्या व्हायोलिनांना चाल मिळते. दुसऱ्यांना खालचा स्वर, मधला आधार, कधी नुसतंच एका स्वरावर थरथरत राहणं. व्हायोलाला तर श्रोता सहसा ओळखतही नाही. पण ही मधली माणसं थांबली की वरची चाल उघडी पडते. समूहाच्या संगीतात मोठेपण कसं तयार होतं हे झीलकऱ्याला ठाऊक असतं, त्यासाठी त्याला व्हिएन्नाला जावं लागत नाही.

भजनाचंही तेच. आमच्या भागात भजनी मंडळ नाही असं गाव नाही. आमच्याकडे सप्ताहाच्या शेवटच्या रात्री कीर्तन रंगतं तेव्हा बुवांच्या मागे दोन्ही बाजूंना टाळकरी उभे राहतात. बुवा अभंगाचं चरण सोडतात, टाळकरी उचलतात, पखवाज दुगणीत जातो. कुणाचा आवाज घोगरा, कुणाचा चिरका, कुणी किंचित उतरलेला, कुणी किंचित आधी येणारा. तरीही, किंबहुना त्यामुळेच, तो आवाज एवढा भरीव लागतो. ध्वनीचं शास्त्रही इथे त्या टाळकऱ्यांच्या बाजूने आहे. दहा माणसं एकच स्वर काढतात तेव्हा दहांच्या स्वरात केसाएवढा फरक असतो, वेळेतही असतो. ते फरक एकमेकांत मिसळून जी रुंदी तयार होते ती एकाच आवाजाला दहापट मोठं करून कधीच मिळत नाही. चाळीस तारवाद्यं खोलीत बसवून वाजवायची ती याचसाठी. कीबोर्डवरचं बटण दाबलं की 'स्ट्रिंग्ज' ऐकू येतात, पण त्यात प्रत्येक वेळी एकच माणूस तोच श्वास घेत असतो.

1990 च्या दशकात मुंबईच्या स्टुडिओंमधून व्हायोलिनवाल्यांच्या रांगा उठत गेल्या आणि कीबोर्ड आले. स्वस्त पडत होतं, वेळ वाचत होता. मराठी चित्रपटाचं बजेट तर मुळातच तोकडं. ज्या पिढीने सगळं संगीत एका यंत्रावर करायचं शिकून घेतलं, त्याच पिढीतले हे दोघे भाऊ मिळेल तेव्हा, मिळेल तसं, उलट्या दिशेने चालत राहिले. 2001 च्या 'विश्वविनायक' या अल्बममध्येच ते दिसतं. एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन यांचे आवाज, संस्कृत स्तोत्रं, आणि मागे समूहस्वरांची भिंत. गणपतीची गाणी तोवर आरतीच्या किंवा भावगीताच्या मापात असत. इथे त्याच देवाला मोठ्या मांडणीत ऐकू आणण्याची हौस होती. ती मला तेव्हा थोडी जास्त वाटली होती. आजही त्यातला काही भाग नुसताच भव्य आहे, असं माझं मत आहे. देवाला भव्यता देण्यात फारसा धोका नसतो. देव तेवढा मोठा आहे, हे सगळ्यांना आधीच मान्य असतं.

खरं वळण मला 'जोगवा' आणि 'नटरंग'मध्ये दिसतं. 'जोगवा'त यल्लम्माला सोडलेले जोगते-जोगतिणी आहेत. ज्यांच्या देहावर आणि आयुष्यावर त्यांचा स्वतःचा हक्क उरला नाही, त्यांच्यात उगवलेलं प्रेम आहे. या संगीताला 2008 चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'जीव रंगला'साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल या दोघांनाही मिळाला. 1 जानेवारी 2010 ला आलेला 'नटरंग' आनंद यादवांच्या कादंबरीवरचा. त्यातला गुणा हा शेतमजूर, पैलवानी अंगाचा, आणि तमाशाच्या वेडापायी नाच्या होणारा. 'खेळ मांडला' हे त्यातलं गाणं म्हणजे सगळ्या बाजूंनी नागवल्या गेलेल्या फडाने देवाला घातलेली हाक आहे. अजयचा फाटत जाणारा आवाज, आणि त्याच्या मागे उभा राहणारा समूह. ते गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नारायणगावच्या राहुट्या डोळ्यांपुढे आल्या. तमाशावर आपण अनेक चित्रपट काढले, लावण्या पाठ केल्या, फेटे उडवले. पण तमाशातल्या माणसाच्या दुःखाला एवढी मोठी जागा संगीताने करून दिलेली मी त्याआधी ऐकली नव्हती.

जुन्नर तालुक्यातच, आळेफाट्याजवळ आळे गावात, रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले तो रेडा आळंदीच्या वाटेवर इथे थांबला, अशी श्रद्धा. लहानपणी ही चमत्काराची गोष्ट म्हणून ऐकली. पुढे कळत गेलं की, वेद ऐकायचा हक्क कुणाला आणि म्हणायचा हक्क कुणाला, या भांडणातली ती गोष्ट आहे. ज्याला वाचाच नाही असं सगळ्यांनी धरून चाललेलं होतं, त्याच्या तोंडून सर्वांत प्रतिष्ठेचं उच्चारण करवणं. आळ्याच्या यात्रेला जाणारा प्रत्येक माणूस असा विचार करतो असं नाही. पण ही गोष्ट कानांवर पडत पडतच आमच्याकडची पोरं मोठी होतात. मासेमाराच्या पोराला सिंफनी देणारी बुद्धी याच वळणाची आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता कुणी म्हणेल, आणि जाणकार म्हणतातही, की ही सिंफनी नव्हे. बरोबर आहे. सिंफनी ही चार भागांची, स्वतःच्या पायावर उभी असलेली रचना. तिला नायक-नायिका लागत नाहीत, पडदा लागत नाही. तिच्यात समूहगान आलं तेच मुळी उशिरा. 7 मे 1824 ला व्हिएन्नात बेथोव्हनची नववी सिंफनी झाली, तिच्या शेवटच्या भागात माणसं उठून गायला लागली आणि युरोपने ते जवळजवळ पहिल्यांदाच ऐकलं. नुसत्या वाद्यांनी जे म्हणता येईना ते म्हणायला त्याला माणसांचे गळे लागले. आणि म्हणायचं काय होतं, तर सगळी माणसं भाऊ होतात, हे. पुढे 1910 मध्ये म्युनिकला मालरच्या आठव्या सिंफनीसाठी हजाराच्या वर माणसं मंचावर आली. एवढ्या लांब पल्ल्याची, तासभर एकाच विचाराला धरून चालणारी रचना गोगावले बंधूंनी अजून केलेली नाही. पाच मिनिटांच्या गाण्यात त्यांनी त्या वाद्यवृंदाची ताकद बसवली. हा त्यांचा मोठेपणा, आणि मर्यादाही इथेच आहे.

आपल्या बाजूला हे स्वप्न जुनं आहे. गोव्यात माजोर्डा गावी 1927 मध्ये जन्मलेले अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हायोलिन वाजवत, वाद्यमेळ लिहीत. संगीतकार प्यारेलाल त्यांचे विद्यार्थी. गोन्साल्विसांनी 1958 मध्ये स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि रागांवर आधारलेल्या आपल्या रचना मुंबईत सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले होते. सारंगातला कंचेर्तो, तोडी थाटातला व्हायोलिन कंचेर्तो, अशी ती कामं. पैसा उभा राहिला नाही, आश्रय मिळाला नाही, आणि पुढे ते अमेरिकेला निघून गेले. 1977 मध्ये प्यारेलाल यांनी त्यांचं नाव एका गाण्यात घातलं. सगळ्या देशाला ते नाव पाठ झालं, माणूस मात्र कुणाला माहीत नव्हता. 2012 मध्ये ते गोव्यात वारले. त्यांच्याबद्दल मराठीत आपण जेवढं लिहायला हवं होतं तेवढं लिहिलं नाही, याची मला खंत आहे.

त्याच्याही आधी, आमच्या शेजारच्या, तेव्हाच्या अहमदनगरला, हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला होता. मिशनच्या चर्चमध्ये चार आवाजांत बांधलेली इंग्रजी स्तोत्रं मराठीत भाषांतर करून म्हटली जात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्यांच्या जोडीला अभंग-ओवीच्या वळणाची मराठी भजनं लिहिली, टाळ-मृदंगावर म्हणता येतील अशी. चार आवाजांचं समूहगान आणि एकसुरी भजन एकाच छपराखाली, एकाच उपासनेत. 'उपासना संगीत' उघडलं की दोन्ही शेजारी-शेजारी सापडतात. पण एकमेकांत विरघळलेली सहसा सापडत नाहीत.

ती विरघळत नाहीत याला कारण आहे. आपल्याकडे षड्ज हलत नाही. तंबोरा असो, तुणतुणं असो, नाहीतर पेटीचा दाबून धरलेला स्वर असो, सगळं गाणं त्या एका खुंटीला बांधलेलं. पाश्चात्त्य मांडणीत पायाखालचे स्वरसमूह सारखे बदलत जातात, आणि तोच गंधार एकदा घरच्यासारखा वाटतो, दुसऱ्यांदा परका. भैरवीच्या चालीखाली असे स्वरसमूह बेफिकिरीने घातले तर चाल गुदमरते. जुन्या अनेक चित्रपटगीतांत ती गुदमरलेली ऐकू येते. या कामात आपल्या देशात सगळ्यांत खोल गेलेला माणूस म्हणजे इलैयाराजा, ज्यांना अजय-अतुल उघडपणे आपलं दैवत मानतात. तेही खेड्यातले. तामिळनाडूतल्या पन्नैपुरम गावचे, थोरल्या भावाच्या फिरत्या गायनमंडळीत राजकीय सभांमधून गात-वाजवत वाढलेले. 1986 मध्ये त्यांनी 'हाऊ टू नेम इट' केलं, त्यात बाख आणि कर्नाटक संगीत समोरासमोर बसवले. 2005 मध्ये बुडापेस्टच्या वाद्यवृंदाबरोबर 'तिरुवासगम', म्हणजे माणिक्कवासगरांच्या तमिळ भक्तिपदांचं ऑर्केस्ट्रा आणि समूहस्वरांसाठी केलेलं रूप. आणि 8 मार्च 2025 ला, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, लंडनमध्ये रॉयल फिलहार्मॉनिकने त्यांची पूर्ण सिंफनी वाजवली. चित्रपटाचा आधार न घेता. तमिळ संतकवीला सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि कॉयर मिळाला. आमच्या तुकोबाला अजून मिळायचा आहे.

अजय-अतुल षड्जाचा प्रश्न कसा सोडवतात, हे कान देऊन ऐकण्यासारखं आहे. पुष्कळदा ते चालीच्या खाली फार काही हलवतच नाहीत. चेलो आणि डबल बास खर्जात एकच स्वर धरून बसतात, म्हणजे तंबोऱ्याचंच काम करतात, आणि वरची व्हायोलिनं मुख्य चालीला शेजारून दुसरी चाल घालतात. गाणारा थांबला की ती चाल पुढे येते, गाणारा आला की मागे सरते. झील उचलणाऱ्याची ही रीत आहे, फक्त वाद्यं बदलली. त्यामुळे त्यांचा ऑर्केस्ट्रा परका वाटत नाही. 'माऊली माऊली'सारख्या गाण्यात समूह जेव्हा येतो, तेव्हा तो चार आवाजांत विभागलेला कॉयर म्हणून येत नाही. दिंडीसारखा एका ओळीत, एका दमात येतो आणि भव्यता त्या दमातून तयार होते.

नारायणगावपासून जवळच खोडदला जीएमआरटी आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची रेडिओ दुर्बीण. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, काही खोडदला एकत्र, बाकीच्या तीन दिशांना, पंचवीस किलोमीटर विस्ताराच्या परिसरात शेतांमधून विखुरलेल्या. प्रत्येकीला आकाशातला आवाज क्षीणच येतो. तो तारांमधून खोडदला आणून, वेळेचा सूक्ष्म फरक जुळवून एकत्र केला, की त्या 30 मिळून एक प्रचंड कान होतो. समूहसंगीताचं गणित मी कुणाला समजावून सांगायला लागलो की याच तबकड्यांकडे बोट दाखवतो.

ऑर्केस्ट्राचं ध्वनिमुद्रणही अशाच काटेकोर जुळणीवर उभं असतं. संगीतकाराच्या मनातलं कागदावर उतरतं, मग प्रत्येक वाद्याची वेगळी प्रत निघते. समोर आलेला कागद वादकांनी बहुधा आधी पाहिलेलाही नसतो. ते वाचता-वाचताच वाजवतात. कानात ठोक्याचा आवाज, समोर संचालकाचा हात, एका रांगेतले सगळे गज एकाच वेळी वर, एकाच वेळी खाली. आमच्या हलगीवाल्याची तयारी वेगळी. यात्रेत तो पाचोळ्याचा जाळ करून हलगी शेकतो, कान लावून टिचकी मारतो, पुन्हा शेकतो. थंडी असेल तर दर तासाला. ऑर्केस्ट्रा ओबोच्या एका स्वरावर जुळतो, हलगी जाळावर जुळते. दोन्हीकडे कान सारखाच कडक असतो.

'सैराट'बद्दल आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. चारही गाणी पूर्वार्धातली आहेत. आर्ची-परश्या गाव सोडून पळाल्यावर गाणं संपतं. हैदराबादची झोपडपट्टी, पाण्याची रांग, भांडणं, डोसा, बाळाचा जन्म, हे सगळं जवळपास गाण्याविना. आणि शेवटच्या दृश्यात, जिथे दुसऱ्या कुठल्याही चित्रपटाने साठ व्हायोलिनं रडवली असती, तिथे आवाजच बंद होतो. काहींना हा दिग्दर्शकाचा एकट्याचा निर्णय वाटतो. तो त्याचा आहेच. पण त्या शांततेला एवढं वजन आलं ते आधी त्या दोघांना अख्खा ऑर्केस्ट्रा मिळाला होता म्हणून. आपण त्यांचं प्रेम त्या मापाने ऐकलेलं असतं. काय हिरावलं गेलं ते कानाला नेमकं ठाऊक असतं. बासरी-ढोलकीवर भागवलं असतं तर ती शांतता एवढी असह्य झाली नसती.

मला हव्या असलेल्या रचनेचा विचार मी बराच पुढे नेला आहे. तासाभराची, पडद्याशिवायची, मराठी. वाद्यवृंद पूर्ण, समूहस्वर शंभर-सव्वाशे, आणि त्या समूहात कॉयरमध्ये शिकलेल्या गळ्यांबरोबर वीस-पंचवीस टाळकरी आणि आठ-दहा झीलकरी, दौंड-नारायणगावच्या फडांतले, मानधन पहिल्या व्हायोलिनवादकाएवढं. ही मागणी हवेतली नाही. मुंबईत एनसीपीएमध्ये 2006 पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तिथे सभागृह आहे, वादक आहेत. शाळांमधल्या मुलांना एकत्र गायला लावणारे वसंत देसाई याच राज्यातले. समूहाने गाण्याची सवय आपल्याला लावावी लागत नाही, विसरली असेल तर आठवण करून द्यावी लागते. लिहिणारेही आहेत. अजय-अतुल दोघेही पन्नाशीच्या आसपासचे, म्हणजे इलैयाराजांनी पूर्ण सिंफनी मंचावर आणली त्या वयाला अजून तीस वर्षं हाताशी असलेले.

अडचण एकच दिसते, आणि ती खरी आहे. झीलकऱ्याला स्वरलिपी वाचता येत नाही आणि तो संचालकाच्या हाताकडे पाहत नाही. तो ढोलकीकडे पाहतो. ढोलकीवाला मान कशी हलवतो, डाव्या हाताचा पंजा केव्हा उचलतो, यावरून त्याला कळतं की आता उचलायचं. लय थोडी ताणली जाते, कधी दोन मात्रा जास्त रेंगाळते, कारण समोरच्या माळावरून दाद आलेली असते. साठ वादकांच्या कागदावर त्या दोन मात्रा लिहिलेल्या नसतात. कागदावर जागा मोकळी सोडून ठेवता येते. पाश्चात्त्य संगीतात वादकाने हवं तेवढं थांबावं अशी खूण आहेच, तीच इथे शंभर जणांसाठी घालावी लागेल. ढोलकीवाला मंचाच्या मधोमध, संचालकाच्या अगदी समोर बसवायचा. झील सुरू झाली की संचालकाने हात खाली घ्यायचा आणि त्या ढोलकीवाल्याच्या मानेकडे पाहायचं. त्याने मान हलवली की सगळ्या ऑर्केस्ट्राला आत घ्यायचं. तालमी जास्त लागतील. नारायणगावचे फड पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा ज्येष्ठ ते भाद्रपद एवढे महिने मोकळे आहेत.